शिट्टीवाले परफॉर्मन्स हेड

शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळायची असते. सर ती स्टॉपवॉच लावून मोजत. बीदरमध्ये आजवर एकाही मृताला पुरी दोन मिनिटं मिळालेली नाहीत, असं त्यांचं अनुभवाअंती झालेलं मत होतं. "लई झालं तर एक मिनिट बारा सेकंद," ते म्हणत. "ते बी माणूस मोठा असंल तर. गरिबाला चाळिसात आटपत्यात."

हे सर आमच्या ऑफिसचे परफॉर्मन्स हेड होते. त्याआधी त्यांनी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली होती. कॉम्प्युटरला त्यांनी हात लावल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्यांची नेमणूक झाली ती अशी: आमचे मालक म्हणजे त्यांचे सख्खे भाचे. मालकांना बंगलोरच्या एका कंपनीकडून काम मिळालं, आणि करारात अट होती की सॉफ्टवेअर किती वेगाने चालतं ते पाहायला एक स्वतंत्र माणूस हवा. मालकांनी घरात नजर फिरवली. मामा रिकामे होते आणि त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं.

पहिल्या दिवशी ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आले. आमचं ऑफिस म्हणजे एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात मालक, मी, टायपिंग करणाऱ्या दोघी आणि झाडलोट-चहा पाहणाऱ्या अक्का. सरांनी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं आणि मग कुणाचं काम काय ते विचारलं. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी स्टॉपवॉच दाबलं.

"तू काय करतीस?"

मी उत्तर जुळवत होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठीत बोललं की बाकावर उभं करत, आणि घरी इंग्रजीत बोललं की सगळे हसत. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं पडे.

"प्रोग्राम लिहिते," मी म्हणाले.

"सात सेकंद," सर म्हणाले. "मधी घरी जाऊन आलीस का काय?"

पुढे दोन वर्षं ते माझी गप्प राहण्याची वेळ मोजत होते. पण एक गोष्ट मी तेव्हाच हेरली. ते मोजत, पण थांबत. इतर लोक तीन सेकंदांनी माझं उत्तर स्वतःच देऊन टाकत. सर उत्तर येईपर्यंत घड्याळ हातात धरून उभे राहत, आणि मग आकडा सांगत.

त्यांना माणसांची नावं आठवत नसत. जुना विद्यार्थी रस्त्यात पाया पडला की ते त्याच्याकडे निरखून बघत आणि म्हणत, "आठशे मीटर. तीन मिनिटं चार सेकंद. व्हय का न्हाई?" समोरचा पन्नाशीचा, पोट सुटलेला व्यापारी एकदम लाजायचा. एकदा एका फौजदाराला त्यांनी भर चौकात सांगितलं, "तू शेवटून दुसरा होतास. शेवटचा लंगडत होता." फौजदार म्हणाला, "सर, हळू बोला की."

घरीही तेच. कुकरच्या शिट्ट्या ते मोजत, सुनेच्या माहेरच्यांचे फोन मोजत. सत्यनारायणाची पोथी भटजींनी कुठल्या अध्यायात किती पळवली ते प्रसादाच्या वेळी जाहीर करत. पुढे भटजी त्यांच्या घरी यायच्या आधी विचारू लागले, "सर घरी हैत का?"

आता कामाविषयी. बीदर आणि गुलबर्गा, दोन्ही जिल्ह्यांच्या रेशनकार्डांच्या दोन याद्या होत्या. एक जुनी, कार्डं वाटली तेव्हाची. दुसरी नव्या पाहणीची. दोन्ही एकत्र करायच्या. नव्या यादीतलं प्रत्येक मोठं माणूस जुन्या यादीत सापडलं तर ते खरं; नाही सापडलं तर ते बोगस, त्याचं नाव कार्डावरून कमी. हे जुळवणीचं काम करणारं सॉफ्टवेअर मी सांभाळायची. ते एका वेळेला अकरा तास घ्यायचं. आमच्याकडे लाईट सलग अकरा तास कधीच नसे. यूपीएस अर्धा तास तग धरी. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. सलग तीन आठवडे आम्ही रोज सकाळी तीच याद्यांची जोडणी सुरू करत होतो, आणि रोज दुपारी ती मरत होती. बंगलोरने शेवटी कळवलं: दोन तासांत होत असेल तर करा, नाहीतर हैदराबादची एक कंपनी तयार आहे.

मालकांनी नवीन मशीन आणलं. त्याचा पंखा असा घोंगावायचा की खाली टायरवाले वर येऊन बघून गेले. वेळ मात्र वीस मिनिटांनी कमी झाला. सर म्हणाले, "घाम आला म्हणजे पळाला असं न्हाई."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मशीनसमोर बसले. मशीनवर एक लाल दिवा लुकलुकायचा. तो लागला की सर घड्याळ दाबत, विझला की थांबवत. दोन दिवस त्यांनी फक्त तेवढंच केलं. मालकांनी मला हळूच सांगितलं, "मामांना करू दे. त्यांचा वेळ जातोय." तिसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं.

"हा दिवा लागल्यावर हे काय करायलंय?"

"लिहून ठेवतंय. साफ केलेली यादी."

"बरं. आन् मग?"

"मग पुन्हा वाचतं. जुळवणीसाठी."

"स्वतःच लिवलेलं स्वतःच वाचायलंय?"

"हो."

"मग हातात कामून देत न्हाई? जिल्ह्याला आमची रिले टीम चार वर्षं हरली. चारी पोरं वाघावानी पळायची. मी घड्याळ लावून बघितलं. पळताना कुणी हरत न्हाई पोरी, बॅटन देताना हरतंय. हे येडं बॅटन जमिनीवर ठेवून घरी जायलंय, आन् दुसरं येऊन हुडकायलंय."

मी काही बोलले नाही. अकरा सेकंद, ते म्हणाले. पण ते बरोबर होतं. मी मधलं लिहिणं-वाचणं काढून टाकलं, एका टप्प्याचं हातातलं दुसऱ्याच्या हातात दिलं. अकरा तासांचं काम सहा तासांवर आलं. मालकांनी बंगलोरला मेल लिहिली, त्यात बॅटनसाठी एक मोठा इंग्रजी शब्द वापरला. तो शब्द मीच शोधून दिला होता.

सहाचे दोन कसे करायचे, हे मात्र जमेना. सरांनी मला सॉफ्टवेअर नेमकं कसं शोधतं ते विचारलं. मी सांगितलं, नव्या यादीतला एक माणूस घ्यायचा आणि जुन्या यादीतल्या प्रत्येकाशी ताडून बघायचा. दोन्ही जिल्ह्यांतल्या.

"प्रत्येकाशी?"

"प्रत्येकाशी."

"म्हंजे आपल्या खटकचिंचोळीचा माणूस तू तिकडं गुलबर्गा जिल्ह्यात, निंबर्ग्यात हुडकायलीस?"

"हो."

"कामून? त्यो तिथं कामून जाईल? त्याचं शेत खटकचिंचोळीला, घर खटकचिंचोळीला, भांडणं खटकचिंचोळीला. ज्याला त्याला त्याच्या गावात हुडकावं की!"

मला शाळेपासून कॉलेजपर्यंत कुणी इतकं साधं काही सांगितलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी बदल केला: ज्या गावाचा माणूस, त्या गावातच शोध. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी शिट्टी फुंकली, मी बटण दाबलं. एक तास अडतीस मिनिटांनी काम संपलं. लाईट होती. मालकांनी मामांना उचललं. पेढे आले. सरांनी स्टॉपवॉच सगळ्यांना फिरवून दाखवलं, टायरवाल्यांनासुद्धा. बंगलोरहून दोन साहेब पुढच्या आठवड्यात स्वतः पाहायला येणार असं ठरलं.

न जुळलेली नावं एका वेगळ्या फाईलमध्ये पडत. तिच्याकडे कुणी बघत नसे. तिचं नावच 'रिजेक्ट' होतं. मी ती सहज उघडली. आधी ती लहान असायची, आता उघडायलाच वेळ लागला. मी खाली खाली जात राहिले. सुनंदा, संगीता, महादेवी, शांताबाई, रेश्मा, लक्ष्मी. बराच वेळ एकही पुरुष लागला नाही.

मला कळायला फार वेळ लागला नाही. पुरुष त्याच्या गावात सापडतो. बाई कशी सापडेल? जुनी यादी झाली तेव्हा ती माहेरी होती, बापाच्या कार्डावर. नव्या यादीत ती सासरी आहे, नवऱ्याच्या कार्डावर, आणि बऱ्याच जणींचं लग्नात नावही बदललेलं. जुनं, हळू चालणारं सॉफ्टवेअर दोन्ही जिल्हे पालथे घालून बापाचं पूर्ण नाव आणि जन्मसाल यांवरून तिला शोधून काढायचं. पाहणीच्या फॉर्मवर बापाचं नाव होतं, माहेरचं गाव मात्र विचारलेलं नव्हतं. फॉर्म बाईने केलेला नव्हता, हे सांगायला नको. आम्ही जो वेळ वाचवला होता, तो सगळा सुनांचा होता. आणि ती ओळ मी लिहिली होती.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. स्वतःलाच सांगत होते की माझी काहीतरी चूक होत असेल. तिसऱ्या दिवशी अक्का माझ्या टेबलाखाली झाडत होत्या. त्या राहायच्या बीदरमध्ये, पण रेशनकार्ड खटकचिंचोळीला, सासूकडे.

"अक्का, तुमचं माहेर कुठलं?"

"निंबर्गा. कामून ओ ताई?"

"वडिलांचं पूर्ण नाव सांगता?"

त्यांनी सांगितलं. वडील मेंढरं राखायचे, हेही सांगितलं. जन्मसाल सांगितलं, तारीख मास्तरांनी लावलेली, एक जून. आमच्याकडे निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली आहेत.

"आणि माहेरचं नाव?"

अक्का झाडू धरून उभ्या राहिल्या आणि हसल्या. "चंपा. आता कोण म्हणायलंय चंपा? आई होती तवर म्हणायची. हितं समदी सुनंदाच म्हणत्यात."

मी शोधलं. जुन्या यादीत निंबर्ग्याला चंपा होती, बापाच्या कार्डावर. नव्या यादीत खटकचिंचोळीला सुनंदा होती. आणि रिजेक्टमध्येही सुनंदा होती.

मी ते पान छापलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी घड्याळ दाबलं.

"सर, या सगळ्या सुना आहेत," मी म्हणाले.

"हे कळून किती वेळ झाला तुला?"

"दोन दिवस."

"रेकॉर्ड झालं," सर म्हणाले. पण हसले नाहीत. पान वाचून झाल्यावर त्यांनी ते बाजूला सारलं. "हे बघ पोरी, शर्यत म्हणलं की कुणी ना कुणी पडतंय. पडणाऱ्यासाठी घड्याळ थांबत न्हाई."

मला तिथून उठून जाता आलं असतं. एरवी मी तेच केलं असतं.

"पडल्या नाहीत, सर. आपण त्यांना मैदानातच घेतलं नाही."

आता गप्प राहायची पाळी त्यांची होती. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, पण माझे सगळे आकडे त्या दिवशी मागे पडले असावेत.

"चारशे मीटरला एक पोरगी होती," ते शेवटी म्हणाले. "एक मिनिट सहा सेकंद. अनवाणी. शाळेच्या बोर्डावर अजून तिचंच रेकॉर्ड हाय. नववीत लगीन झालं. तालुक्याची निवड होती म्हणून मी तिला हुडकायला गेलो, चार गावं फिरलो. त्या नावाची कुणी बाईच न्हाई म्हणले." त्यांनी पान पुन्हा जवळ ओढलं. "अक्का त्याच्यात हैत?"

"आहेत."

"आन् आमची सून?"

त्यांची सून मी आधीच शोधून ठेवली होती. तीही होती.

मग आम्ही ती ओळ बदलली. पुरुषांना त्यांच्या गावात शोधायचं, बायकांना दोन्ही जिल्ह्यांत. वेळ लागला तीन तास एकावन्न मिनिटं. सरांनी माझ्याकडून आणखी जे काही काढता येईल ते काढून घेतलं, पण त्याच्या खाली ते येईना.

मालकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "मामा, दोन तास म्हणलेत त्यांनी! काम गेलं तर ह्या पाच जणांनी कुठं जायचं? परवा त्यांना एक तास अडतीसवालंच दाखवू. बायकांचं नंतर करू."

"नंतर म्हंजे किती वाजता?" सरांनी विचारलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, की निदान मी तरी शहाणी निघेन. माझी ती पहिलीच नोकरी होती आणि घरी माझ्या पगाराला अर्थ होता. मी खाली बघत राहिले. आजही मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी मी मालकांनाही काही बोलले नाही आणि सरांनाही. मशीनवर दोन्ही तऱ्हा ठेवल्या, वेगवान आणि हळू. कुठली चालवायची ते त्या दोघांवर सोडलं.

साहेब बंगलोरहून हैदराबादपर्यंत विमानाने आणि तिथून गाडीने आले, बरोबर दहाला. एक तरुण, एक केस पिकलेले. मालकांनी शाल घातली. सरांनी शिट्टी फुंकली तसे दोघे दचकले. मग सर मला म्हणाले, "बायकांवालं लाव." मालकांचा चेहरा बघायची माझी हिंमत झाली नाही. मी बटण दाबलं.

पन्नास मिनिटांत पुरुष संपले. साहेबांनी माना डोलावल्या, चहा घेतला. एक तास झाला. दीड झाला. दोन तास होताच तरुण साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि इंग्रजीत मला विचारलं की अजून काय चाललंय.

मी एका सेकंदात उत्तर दिलं. गावाच्या आत शोधलं की सुना कशा गळतात, ते मी इंग्रजीत सगळं सांगितलं, अक्कांचं उदाहरण देऊन. मालक माझ्याकडे असे बघत होते, जणू मशीनच बोलायला लागलंय.

पिकलेल्या केसांच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, गळणाऱ्या नावांचं प्रमाण टॉलरन्समध्ये बसतं.

"काय म्हणायलेत?" सरांनी मला विचारलं.

"एवढ्या गेल्या तर चालतंय म्हणतात."

"कुणाला चालतंय, ते इचार."

मी तेही भाषांतर करून विचारलं. साहेबांनी बॅग उचलली. त्यांना विमान गाठायचं होतं. जाताना त्यांनी सरांशी हात मिळवला आणि तुमचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे असं म्हणाले. सरांनी त्यांना जिन्यातून खाली जायला किती वेळ लागला ते मोजलं.

मशीन चालूच होतं. कुणी ते बंद केलं नाही. मालकसुद्धा खुर्ची ओढून बसले. अक्कांनी पुन्हा चहा केला. पावणेदोनच्या पुढे काम संपलं. लाईट त्या दिवशी एकदाही गेली नाही.

काम अर्थातच हैदराबादला गेलं. त्यांनी ते चाळीस मिनिटांत केलं, असं ऐकलं. कसं केलं ते मला विचारावं लागलं नाही. एवढी बोगस नावं सापडल्याबद्दल पेपरात कौतुकही आलं. आमचं ऑफिस वर्षभरात बंद झालं. मालकांनी खालच्याच टायरवाल्यांबरोबर भागीदारी केली आणि ते आता बऱ्यापैकी आहेत. मी पुण्याला आले, याच कामात आहे. कुणी वेग वाढवल्याचं सांगितलं की मी आधी रिजेक्ट उघडते. माझ्या टीमला हा माझा विक्षिप्तपणा वाटतो.

पण मी बीदर सोडण्याआधी एक झालं. नव्या याद्या लागल्या आणि तहसील कचेरीत सुनांची रांग लागली. प्रत्येकीने ती तीच असल्याचा पुरावा माहेरहून आणायचा होता: जुनं कार्ड, सरपंचाची चिठ्ठी. सरांनी आमची तीन तास एकावन्न मिनिटांची यादी गावनिहाय छापून घेतली होती. त्यात प्रत्येक बाईच्या एकाच ओळीत दोन नावं, दोन गावं. ते गठ्ठे घेऊन ते कचेरीत गेले, आणि मलाही नेलं. त्यांना बघताच कारकून उठून सावधानमध्ये उभा राहिला. शंभर मीटर, पंधरा सेकंद, सर म्हणाले.

"सर, ही यादी आमची न्हाई. मला चालत न्हाई," कारकून म्हणाला.

"न्हाई चालली तर ऱ्हाऊ दे. नुसती बघायला ठेव. बघितल्यावर खरं वाटलं तर लिव."

कारकुनाने दोन पानं पाहिली. पहिलीच बाई त्याच्या आत्याच्या गावची, ओळखीची निघाली. त्याने गठ्ठा टेबलाच्या खणात ठेवला, पण खण उघडाच ठेवला.

अक्कांचा नंबर दुपारी आला. सर आणि मी भिंतीला टेकून उभे होतो.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"कोणतं सांगू?"

"दोन्ही सांगा. दोन्ही हैत हितं."

"चंपा. आन् सुनंदा."

"आधी सासरचं लिवायचं असतंय, बाई. फॉर्मवर तसंच हाय."

"मंग फॉर्मच चुकलाय," अक्का म्हणाल्या. "चंपा आधीची हाय."

कारकुनाने सरांकडे पाहिलं.

"लिव की," सर म्हणाले. "घाई कुणाला हाय?"